अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात उमेदवाराच्या जोडीदाराचं काम नेमकं काय असतं?

३ नोव्हेंबर १९७६. आदल्या दिवशी अमेरिकेत मतदान झालं होतं आणि राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड हरले होते. विजयी उमेदवार जिमी कार्टर यांना पाठवलेली अभिनंदनाची तार जाहीरपणे वाचून दाखवायची होती. पण शेवटच्या दिवसांत सभांमागून सभा घेऊन फोर्ड यांचा घसा पार बसला होता. व्हाइट हाउसमध्ये पत्रकार जमले, फोर्ड कसेबसे दोन-चार वाक्यं बोलले आणि बाजूला झाले. पराभव मान्य करणारा तो मजकूर वाचला त्यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी. देशाचं सर्वोच्च पद एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे जात होतं आणि ते देशाला सांगणारी व्यक्ती कुठल्याही पदावर नव्हती. त्यात कुणाला वावगंही वाटलं नाही. त्याच निवडणुकीत लोकांच्या छातीवर 'बेटीच्या नवऱ्याला राष्ट्राध्यक्ष करा' असे बिल्ले दिसत होते.

भारतात पंतप्रधान खासदारांच्या बहुमतावर ठरतो. मतदार आपल्या मतदारसंघातला उमेदवार आणि त्याचा पक्ष बघतो. नेत्याची बायको किंवा नवरा काय बोलतो, काय नोकरी करतो, हा प्रचाराचा मुद्दा क्वचितच होतो. अमेरिकेत मात्र दर चार वर्षांनी उमेदवाराबरोबर जोडीदाराचाही कस लागतो. बाहेरून बघणाऱ्याला तो नुसता दिखाऊपणा वाटू शकतो. माझ्या मते हे खरंखुरं, कष्टाचं काम आहे. तिथली निवडणूक पद्धतच ते निर्माण करते, आणि करणाऱ्याच्या हाती ना पगार ठेवते ना पद.

कायद्यात काय आहे?

अमेरिकेच्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षाच्या जोडीदाराबद्दल एक अक्षरही नाही. 'फर्स्ट लेडी' ही उपाधी लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी रुजवली. राष्ट्राध्यक्षाला वर्षाला ४ लाख डॉलर वेतन मिळतं, जोडीदाराला काहीच नाही. जॉन केनेडी यांनी आपला भाऊ रॉबर्ट यांना अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचा प्रमुख, नेमलं होतं. त्यानंतर काही वर्षांनी, १९६७ मध्ये, सरकारी पदावर आपल्या नातेवाइकाला नेमायला कायद्यानेच बंदी आली. १९७८ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, एवढं मान्य केलं की राष्ट्राध्यक्षाच्या कामात मदत करणाऱ्या जोडीदाराला सरकारी खर्चाने कर्मचारी देता येतील. म्हणजे हाताखालच्या लोकांना पगार, त्यांच्याकडून काम करून घेणारीला नाही.

ही झाली निवडून आल्यानंतरची स्थिती. उमेदवाराच्या जोडीदाराला तेवढंही मिळत नाही. कायदा त्याची दखल मोजक्याच ठिकाणी घेतो. उमेदवाराला आपल्या संपत्तीचं विवरण जाहीर करावं लागतं आणि त्यात जोडीदाराचं उत्पन्न, गुंतवणूक हेही दाखवावं लागतं. प्रमुख उमेदवारांच्या जोडीदारांना मतदानाआधीच्या १२० दिवसांत सिक्रेट सर्व्हिसचं, म्हणजे राष्ट्राध्यक्षाची सुरक्षा सांभाळणाऱ्या यंत्रणेचं, संरक्षण मिळू शकतं. शिवाय निवडणूक निधीचे नियम आहेत. ते फारच रंजक आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ.

मग हे काम आलं कुठून?

दोन गोष्टींतून. पहिली म्हणजे निवडणुकीची लांबी आणि विस्तार. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आधी स्वतःच्या पक्षात निवडून यावा लागतो. त्यासाठी राज्याराज्यांत प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारं मतदान) आणि कॉकस (त्याच कामासाठी होणाऱ्या स्थानिक बैठका) होतात. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही छोटी राज्यं कित्येक दशकं या रांगेत सगळ्यात पुढे राहिली. तिथल्या मतदाराला उमेदवार समोरासमोर भेटायची सवय लागली आहे, कुणाच्या दिवाणखान्यात, शाळेच्या जिममध्ये, छोट्या हॉटेलात. एक माणूस इतक्या ठिकाणी पोहोचू शकत नाही. पुढे अंतिम लढतीत ५३८ पैकी किमान २७० इलेक्टोरल मतं, म्हणजे राज्यांना वाटून दिलेली मतं, मिळवायची असतात आणि निकाल मोजक्या अटीतटीच्या राज्यांवर येऊन ठेपतो. २०२४ मध्ये ती सात होती: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अ‍ॅरिझोना आणि नेवाडा. शेवटच्या आठवड्यांत उमेदवार मिशिगनमध्ये असला तर अ‍ॅरिझोनात कोण जाणार? पक्षाचे आमदार-खासदार जातातच. पण उमेदवाराची पत्नी किंवा पती आला की स्थानिक टीव्ही कॅमेरा घेऊन येतो, देणगीदार जेवणाचं तिकीट घेतात, कार्यकर्त्यांना हुरूप येतो.

दुसरी गोष्ट जास्त खोल आहे. मतदार एका माणसाच्या हाती फार मोठी सत्ता देत असतो. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाला संसदेत बहुमत सांभाळावं लागत नाही. महाभियोगाचा अपवाद सोडला तर चार वर्षं त्याला कुणी हलवू शकत नाही. साहजिकच मतदार माणूस पारखू पाहतो. आपल्याकडे स्थळ ठरवताना पत्रिका आणि पगार बघून झाल्यावरही शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी होते, 'घरी कसा आहे हो?' अमेरिकी मतदाराची चौकशी याच जातीची आहे आणि तिचं उत्तर देऊ शकणारी सगळ्यात जवळची व्यक्ती म्हणजे जोडीदार. म्हणून उमेदवारावर शिक्कामोर्तब करणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनात पत्नीचं भाषण असतं आणि त्यात कररचनेपेक्षा पहिली भेट, मुलांचं आजारपण, रात्री जागून वाचलेली पत्रं यांना जास्त जागा मिळते.

याची सुरुवात टीव्हीच्या काळात झाली असं समजण्याचं कारण नाही. १८५६ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे पहिलेवहिले उमेदवार जॉन फ्रेमॉन्ट उभे राहिले, तेव्हा घोषणांमध्ये त्यांच्याबरोबर पत्नी जेसीचंही नाव होतं. स्त्रियांना मत नव्हतं, तरी. १९२० मध्ये देशभरातल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला आणि त्याच वर्षी वॉरन हार्डिंग यांचा प्रचार ओहायोतल्या मॅरियन गावी, त्यांच्या घराच्या ओसरीवरून चालला. त्यांचं वर्तमानपत्र चालवण्यात मोठा वाटा असलेल्या फ्लॉरेन्स हार्डिंग यांना पत्रकारांशी कसं बोलायचं ते पक्कं ठाऊक होतं. १९४० मध्ये शिकागोच्या अधिवेशनात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी निवडलेल्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवारावरून प्रतिनिधी खवळले. तेव्हा त्यांना शांत करायला एलेनॉर रूझवेल्ट विमानाने आल्या आणि बोलल्या. अधिवेशनापुढे भाषण करणाऱ्या त्या पहिल्या फर्स्ट लेडी.

दक्षिणेत गेलेली रेल्वे

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९६४ चा एक रेल्वेप्रवास. त्या वर्षी २ जुलैला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नागरी हक्क कायद्यावर सही केली. हॉटेलं, थिएटरं, नोकऱ्या यांमधला वंशभेद बेकायदा ठरला आणि दक्षिणेतल्या गोऱ्या मतदारांत संतापाची लाट उसळली. पिढ्यानपिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला मत देणारी ही राज्यं हातची जाणार, हे जॉन्सन यांना दिसत होतं. स्वतः ते तिथे गेले असते तर दंगली आणि त्याहून वाईट काहीतरी होण्याची भीती होती. काही सल्लागारांचं म्हणणं होतं की दक्षिण सोडूनच द्यावी.

त्यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन यांनी ते मानलं नाही. त्या टेक्सासच्या, आईकडून अलाबामाच्या. दक्षिण हे त्यांचं माहेर होतं आणि माहेराला वाळीत टाकणं त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी 'लेडी बर्ड स्पेशल' नावाची गाडी काढली. निघण्याआधी वाटेतल्या राज्यांच्या गव्हर्नरांना आणि सिनेटरांना स्वतः फोन केले. काहींनी गाडीत चढायचं कबूल केलं, काहींनी सबबी सांगितल्या. ६ ऑक्टोबरला गाडी वॉशिंग्टनहून सुटली आणि चौथ्या दिवशी, ९ ऑक्टोबरला न्यू ऑर्लिन्सला पोहोचली. आठ राज्यं, १,६२८ मैल, म्हणजे सुमारे २,६०० किलोमीटर, आणि ४७ भाषणं. बहुतेक भाषणं गाडीच्या शेवटच्या डब्याच्या सज्जातून झाली. बॉम्बच्या धमक्या येत होत्या, म्हणून पुढे एक वेगळं इंजिन धावत होतं.

साउथ कॅरोलायनात कोलंबिया इथे जमाव ओरडून त्यांना बोलू देईना. त्यांनी हात वर केला आणि शांतपणे सांगितलं की या देशात अनेक मतं आहेत, तुमचं मत मांडायचा तुमचा हक्क मला मान्य आहे, आता माझी पाळी आहे. चार्ल्सटनला तर त्यांच्या नावाचा 'बर्ड' धरून वर्णद्वेषी फलक उभारले होते. त्यांनी नागरी हक्क कायद्याचा मुद्दा टाळला नाही. आपल्या बोलीतल्या, आपल्याच माणसाच्या आवाजात त्या सांगत राहिल्या की हा कायदा राहणार आहे आणि दक्षिण त्याच्यासकट पुढे जाऊ शकते.

निकाल काय लागला? त्या आठ राज्यांपैकी व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडा जॉन्सन यांनी जिंकली, उरलेली पाच हरली. देशभर मात्र त्यांचा प्रचंड विजय झाला. तीन राज्यं गाडीमुळे मिळाली असं सिद्ध करता येणार नाही. पण जोडीदार म्हणजे प्रचारातली शोभेची वस्तू, असं म्हणणाऱ्याने त्या चार दिवसांकडे नीट बघावं. राष्ट्राध्यक्ष जिथे जाऊ शकत नव्हता तिथे त्याची बायको गेली, आणि त्या वर्षातली सगळ्यात अवघड गोष्ट तिने तोंडावर सांगितली.

बारा वर्षांनंतरच्या निवडणुकीत रोझलिन कार्टर यांनी दुसरा मार्ग दाखवला. १९७५ मध्ये जिमी कार्टर यांना जॉर्जियाबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. रोझलिन एका मैत्रिणीला घेऊन मोटारीने फ्लोरिडात फिरू लागल्या. गावात शिरलं की आधी रेडिओ स्टेशनचा उंच अँटेना शोधायचा, थेट आत जाऊन आपली ओळख सांगायची आणि मुलाखत घेता का विचारायचं. समोरच्याला काय विचारावं हे सुचेना, म्हणून प्रश्नही त्यांनीच लिहून नेले. नवरा एका राज्यात आणि त्या दुसऱ्या राज्यात, असा प्रचार पुढे दीड वर्ष चालला. आज उमेदवार आणि जोडीदाराची वेळापत्रकं वेगवेगळी आखणं ही साधी गोष्ट झाली आहे. ती रूढ करण्यात रोझलिन यांचा मोठा हात आहे.

साक्षीदारावर वार

जोडीदार हा चारित्र्याचा साक्षीदार ठरला की विरोधक साक्षीदारावरच घाव घालणार, हे ओघाने आलं. याचं सगळ्यात क्रूर उदाहरण १८२८ चं आहे. अँड्र्यू जॅक्सन यांनी १७९१ मध्ये रेचेल यांच्याशी लग्न केलं. रेचेल यांचा पहिल्या नवऱ्याशी घटस्फोट झाला आहे असा दोघांचा समज होता. प्रत्यक्षात तो १७९३ मध्ये पुरा झाला, आणि १७९४ च्या जानेवारीत दोघांनी पुन्हा रीतसर लग्न केलं. तीन दशकांहून जास्त काळ लोटल्यावर विरोधी वर्तमानपत्रांनी हे उकरून काढलं आणि साठीतल्या, देवभोळ्या बाईला व्यभिचारिणी ठरवून छापलं. जॅक्सन निवडून आले. २२ डिसेंबरला, शपथविधीच्या आधीच, रेचेल वारल्या. आपल्या पत्नीचा जीव या बदनामीने घेतला, असं जॅक्सन अखेरपर्यंत मानत राहिले.

१९७२ मध्ये सिनेटर एडमंड मस्की डेमोक्रॅटिक उमेदवारीत आघाडीवर होते. न्यू हॅम्पशायरमधल्या एका वर्तमानपत्राने त्यांच्या पत्नी जेन यांची टवाळी करणारा मजकूर पुन्हा छापला. मस्की चिडून त्या वर्तमानपत्राच्या कार्यालयासमोर भर हिमवर्षावात ट्रकवर उभे राहिले आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. गालांवर अश्रू होते की वितळलेला बर्फ, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. ती प्रायमरी त्यांनी जिंकली, पण अपेक्षेपेक्षा कमी मतांनी, आणि 'खचणारा माणूस' हा शिक्का काही पुसला गेला नाही. बायकोची बाजू घेताना भावना दिसल्या म्हणून एकाचं नुकसान झालं. सोळा वर्षांनी त्याच्या नेमकं उलट घडलं. १३ ऑक्टोबर १९८८ च्या वादचर्चेत डेमोक्रॅटिक उमेदवार मायकेल डुकाकिस यांना पहिलाच प्रश्न आला: तुमच्या पत्नी किटी यांच्यावर बलात्कार होऊन त्यांचा खून झाला, तर त्या खुन्याला तुम्ही फाशी द्याल का? डुकाकिस यांनी फाशीला असलेला आपला जुना विरोध शांतपणे सांगितला. त्या शांतपणावरच लोक तुटून पडले. एका जिवंत स्त्रीचं नाव घेऊन कोट्यवधी लोकांसमोर असा प्रश्न विचारणं हा किटी यांच्यावरचा अन्याय होता, हे मला आजही तीव्रतेने वाटतं. त्या रात्रीची चर्चा मात्र नवऱ्याच्या चेहऱ्यावरच झाली.

२००८ मध्ये मिशेल ओबामा विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी इथे म्हणाल्या की प्रौढ वयात पहिल्यांदाच मला माझ्या देशाचा खरा अभिमान वाटतोय. लोक बदलासाठी भुकेले दिसताहेत, असा त्याचा संदर्भ होता. दुसऱ्याच दिवशी प्रतिस्पर्ध्याच्या पत्नी सिंडी मॅकेन यांनी सभेत सांगितलं की मला तर माझ्या देशाचा अभिमान आहेच. दोन बायकांच्या एकेका वाक्यावर आठवडे खर्ची पडले. काळ्या स्त्रीच्या देशप्रेमाची परीक्षा जास्त कडक घेतली गेली, यात मला शंका नाही.

पैसा: अर्धं घर कुणाचं?

आता निधीचे नियम. १९७६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर उमेदवार स्वतःचा पैसा हवा तेवढा खर्च करू शकतो. पण जोडीदार म्हणजे उमेदवार नव्हे. पत्नीने किंवा पतीने दिलेला पैसा ही देणगी ठरते आणि तिला इतर कुठल्याही नागरिकाइतकीच मर्यादा असते. २०२४ मध्ये ती एका निवडणुकीसाठी ३,३०० डॉलर होती.

याचा अर्थ २००३ च्या हिवाळ्यात डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी लढणाऱ्या जॉन केरी यांना चांगलाच कळला. त्यांच्या पत्नी टेरेसा हाइन्झ केरी यांच्याकडे केचपवाल्या हाइन्झ घराण्याची अफाट संपत्ती होती. त्यांचे पहिले पती सिनेटर जॉन हाइन्झ १९९१ मध्ये विमान अपघातात गेले होते. इकडे केरींच्या प्रचाराची तिजोरी रिकामी होत चालली होती. बायको एवढी श्रीमंत असूनही तिचा पैसा ओतता येत नव्हता. नियम असा की मालमत्ता दोघांच्या नावावर असेल तर उमेदवाराचा वाटा त्याचा स्वतःचा धरला जातो. बॉस्टनमधलं त्यांचं घर दोघांच्या नावावर होतं. केरी यांनी आपल्या अर्ध्या हिश्शावर ६४ लाख डॉलरचं कर्ज काढलं आणि ते प्रचारात घातलं. जानेवारीत ते आयोवा जिंकले आणि पुढे पक्षाची उमेदवारीही. घराचा अर्धा हिस्सा एका प्रचाराला तारून गेला.

उलटाही अनुभव आहे. १९८४ मध्ये जेराल्डिन फेरारो या मोठ्या पक्षाकडून उपाध्यक्षपदाची उमेदवारी मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. त्यांचे पती जॉन झाकारो न्यूयॉर्कमध्ये जमीनजुमल्याच्या व्यवसायात होते. आपली करविवरणपत्रं जाहीर करायला ते आधी तयार नव्हते. यावर फेरारो बोलून गेल्या की ज्यांची लग्नं इटालियन पुरुषांशी झाली आहेत त्यांना हे ठाऊकच आहे, आणि नवा गदारोळ उठला. ऑगस्टमध्ये कागदपत्रं जाहीर झाली आणि फेरारो यांनी जवळजवळ दोन तास पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरं दिली. तोवर प्रचाराचे महत्त्वाचे आठवडे निघून गेले होते. नवऱ्याच्या व्यवसायाचा हिशेब बायकोला द्यावा लागला.

बिस्किटं आणि वकिली

१९९२ चं एक वाक्य अजूनही उद्धृत होतं. उमेदवार बिल क्लिंटन यांच्या पत्नी हिलरी क्लिंटन म्हणाल्या की मी घरी बसून बिस्किटं भाजू शकले असते, चहापानाचे कार्यक्रम करू शकले असते. हे वाक्य कशाच्या उत्तरात आलं ते मात्र लोक विसरतात. आदल्या दिवशीच्या वादचर्चेत प्रतिस्पर्धी जेरी ब्राउन यांनी आरोप केला होता की गव्हर्नर क्लिंटन सरकारी कामं पत्नीच्या लॉ फर्मकडे वळवतात. म्हणजे प्रश्न हितसंबंधांचा होता, आणि हिलरी यांचं पुढचं म्हणणं असं होतं की नवरा सार्वजनिक जीवनात यायच्या आधीपासून मी या व्यवसायात आहे, तो पुरा करायचं मी ठरवलं. पुढचं अर्धं गळून पडलं. घर सांभाळणाऱ्या लाखो बायकांना ते बोचलं, आणि तेही खोटं नव्हतं. मग 'फॅमिली सर्कल' मासिकाने हिलरी आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या पत्नी बार्बरा बुश यांच्या बिस्किटांच्या पाककृती समोरासमोर छापून वाचकांचा कौल घेतला. हिलरी जिंकल्या. वकिली करणाऱ्या बाईला आपण बिस्किटंही भाजू शकतो हे सिद्ध करावं लागलं. आणि दर चार वर्षांनी ही स्पर्धा होत राहिली.

जिला घरीच राहायचं होतं तिची सुटका झाली असं मात्र नाही. २०१२ मध्ये डेमोक्रॅटिक बाजूच्या एका सल्लागार बाईने टीव्हीवर म्हटलं की रिपब्लिकन उमेदवार मिट रॉमनी यांच्या पत्नी अ‍ॅन रॉमनी यांनी आयुष्यात एक दिवसही काम केलेलं नाही. अ‍ॅन यांनी उत्तर दिलं की मी घरी राहून पाच मुलगे वाढवायचं ठरवलं आणि ते कष्टाचंच काम होतं. स्वतः ओबामांना त्या वक्तव्यापासून दूर व्हावं लागलं. २००४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीच्या शर्यतीत असलेल्या हॉवर्ड डीन यांच्या पत्नी डॉ. जुडिथ स्टाइनबर्ग व्हर्माँटमध्ये आपले रुग्ण तपासत राहिल्या, प्रचारात उतरल्या नाहीत. 'ही बाई आहे कुठे?' अशी विचारणा वाढत गेली आणि आयोवाच्या कॉकसच्या आदल्या दिवशी त्यांना तिथे यावं लागलं. नोकरी केली तरी प्रश्न, घर सांभाळलं तरी प्रश्न, दवाखाना चालवला तरी प्रश्न.

घटस्फोटाबाबत मात्र समाज बदलला. १९६३ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीच्या शर्यतीतले नेल्सन रॉकफेलर यांनी घटस्फोटानंतर दुसरं लग्न केलं, तेव्हा त्यांची लोकप्रियता घसरली. १९६४ च्या कॅलिफोर्निया प्रायमरीच्या तीन दिवस आधी त्यांना मुलगा झाला, लग्नाचा विषय पुन्हा ताजा झाला आणि ते थोडक्यात हरले. सोळाच वर्षांनी घटस्फोटित रोनाल्ड रेगन निवडून आले आणि कुणी फारशी चर्चाही केली नाही. डोनाल्ड ट्रम्प यांचं तर हे तिसरं लग्न. अविवाहित उमेदवाराला मात्र अजून कुतूहलाला तोंड द्यावं लागतं. २०२३ मध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभ्या असलेल्या सिनेटर टिम स्कॉट यांच्या लग्नाबद्दल सतत विचारणा होत होती. नोव्हेंबरमधल्या वादचर्चेनंतर ते मैत्रिणीला घेऊन मंचावर दिसले आणि चारच दिवसांत शर्यतीतून बाहेर पडले.

नवरे आले तेव्हा

२०१६ मध्ये मोठ्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा जोडीदार पहिल्यांदाच पुरुष होता, आणि तोही माजी राष्ट्राध्यक्ष. बिल क्लिंटन अधिवेशनात काय बोलणार? परराष्ट्र धोरण? त्यांनी १९७१ च्या वसंतात भेटलेल्या एका मुलीची गोष्ट सांगितली. आठ वर्षं देश चालवलेल्या माणसालाही त्या मंचावर साक्षीदाराचंच काम करावं लागलं. त्याच वर्षी मेलानिया ट्रम्प यांच्या भाषणातले काही उतारे मिशेल ओबामांच्या २००८ च्या भाषणाशी जुळणारे निघाले आणि भाषण तयार करायला मदत करणाऱ्या एका लेखिकेने चूक मान्य केली. या गोष्टीचा गवगवा झाला, पण २०२४ मध्ये मेलानियांनी जे केलं ते मला जास्त लक्षणीय वाटतं. त्या मिलवॉकीच्या अधिवेशनाला आल्या आणि बोलल्या नाहीत. प्रचारात मोजक्याच वेळा दिसल्या. ट्रम्प यांनी सातही अटीतटीची राज्यं जिंकली.

मग जोडीदाराने मतं येतात की नाही? लोकप्रिय बेटी फोर्ड १९७६ मध्ये, लोकप्रिय बार्बरा बुश १९९२ मध्ये आपल्या नवऱ्याला वाचवू शकल्या नाहीत. अर्थव्यवस्था, पक्षनिष्ठा, युद्ध यांच्यापुढे भाषणाचा जोर तोकडा पडतो. जोडीदाराचा खरा उपयोग अनोळखी उमेदवाराची ओळख करून देण्यात, कार्यकर्ते आणि पैसा गोळा करण्यात आणि एकाच दिवशी दोन ठिकाणी हजर असण्यात आहे. कार्टर यांना १९७५ मध्ये रोझलिनची जितकी गरज होती तितकी २०२४ मध्ये ट्रम्प यांना कुणाचीच नव्हती.

त्याच मिलवॉकीच्या मंचावर उषा व्हान्स बोलल्या, उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्या पत्नी. आईवडील आंध्र प्रदेशातून गेलेले, उषा यांचा जन्म आणि वाढ कॅलिफोर्नियातली. भारतात त्या रात्री आनंद झाला आणि अमेरिकेत इंटरनेटवर त्यांच्या वंशावरून विखारी मजकूरही आला. भारतातून बघताना पहिली बाजूच जास्त दिसते. दुसरी बाजू तिथल्या भारतीय कुटुंबांच्या जास्त जवळची आहे. उमेदवारी जाहीर झाली त्याच दिवशी उषा यांनी मोठ्या लॉ फर्ममधली नोकरी सोडली. २०१५ मध्ये टेड क्रूझ उभे राहिले तेव्हा त्यांच्या पत्नी हायडी क्रूझ यांनी गोल्डमन सॅक्स या बँकेतून बिनपगारी रजा घेतली होती. २०२० मध्ये कमला हॅरिस यांचे पती डग एमहॉफ यांनी आधी वकिलीतून रजा घेतली आणि मग फर्म सोडलीच. जिल बायडन यांनी व्हर्जिनियातल्या कम्युनिटी कॉलेजातलं शिकवणं फर्स्ट लेडी असतानाही चालू ठेवलं, आणि तसं करणाऱ्या त्या पहिल्याच. इंग्रजीच्या प्राध्यापिकेला ते जमलं, कारण तिच्याकडे सरकारदरबारी कामं असणारे अशील नसतात. वकील आणि बँकर यांना हितसंबंधांच्या प्रश्नामुळे नोकरी सोडण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

वर्षभराचं उत्पन्न गेलं, आठवड्याचे सातही दिवस काम, वर प्रत्येक वाक्य तपासलं जाणार. खरं तर याला उपाय आहे. निवडणूक आयोगाचे नियम उमेदवाराच्या नातेवाइकाला प्रचारनिधीतून पगार द्यायला मनाई करत नाहीत; काम खरं असावं आणि पगार बाजारभावाहून जास्त नसावा, एवढीच अट आहे. प्रचार व्यवस्थापकाला, भाषण लिहिणाऱ्याला, विमानात कॉफी देणाऱ्याला या निधीतून पैसे मिळतातच. ४७ भाषणं करणाऱ्या व्यक्तीला ते उघडपणे, हिशेबात दाखवून द्यायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. विरोधक त्यावर जाहिरात बनवतील, म्हणून कुणी धजावत नाही. ती जाहिरात सोसायची तयारी असलेला पहिला उमेदवार अजून पुढे यायचा आहे.